हरिश्चंद्रगड आणि शके १२३४

गतवर्षीच्या स्मरणिकेत सह्याद्रीतील आख्यायिकांविषयी प्रस्तुत लेखकाचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते, हे काही वाचकांना स्मरत असेल. त्या टिपणात हरिश्चंद्रगडाचा उल्लेख ओघात आला आणि त्याच ओघात, "चांगदेव ही व्यक्ती इतिहासाची नसून केवळ दंतकथेची आहे," असे एक वाक्य लेखणीतून उतरले. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून सर्पाचा चाबूक हाती घेऊन ज्ञानदेवांच्या भेटीस निघालेला पुरुष इतिहासात कसा बसावयाचा, असा त्यामागील सरळ विचार होता. अंक प्रसिद्ध झाल्यावर पंधरा दिवसांनी आपल्या ज्ञातीतील एका वयोवृद्ध भगिनींचे पत्र आले. त्यांचे नाव त्यांच्याच इच्छेवरून येथे देत नाही. पत्रात दोनच प्रश्न होते. चांगदेव झालाच नसेल तर 'तत्त्वसार' कोणी लिहिला? आणि तो ज्या डोंगरावर लिहिला त्याचे नाव ग्रंथातच दिलेले आहे, त्या डोंगरावर आपण कधी गेला आहात काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. दुसऱ्याचे होते, आणि ते नकारार्थी होते. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. परंतु हरिश्चंद्रगड पाहिला तो नकाशातच. म्हणून मार्गशीर्षाच्या आरंभी एका रविवारी, भाच्याला सोबत घेऊन, मी तो डोंगर चढावयाचे ठरविले. मार्गशीर्षच का, याचा खुलासा पुढे होईल.

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, पुणे आणि ठाणे या दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेला लागून उभा आहे. उंची सुमारे १४२४ मीटर. हिमालय पाहून आलेल्या मंडळींना हा आकडा लहान वाटेल. परंतु महाराष्ट्रातील फारच थोडे किल्ले एवढ्या उंचीचे आहेत. गडावर हरिश्चंद्र, तारामती व रोहिदास अशी तीन शिखरे मानतात. सत्यवचनी राजाचे सगळे कुटुंबच लोकांनी या डोंगरावर वसविले आहे.

शनिवारी सायंकाळी कल्याण–नगर रस्त्यावरील खुबी फाट्यावर एस. टी.तून उतरून, पिंपळगाव जोगे धरणाच्या काठाकाठाने आम्ही खिरेश्वर गाठले. गावाबाहेर नागेश्वराचे जुने शिवालय आहे. दिवस मावळता मावळता त्याच्या द्वारपट्टीवरील शेषशायी विष्णूचे शिल्प पाहून घेतले. शिवाच्या घरी विष्णू इतक्या निवांत निजलेला पाहून भाच्याला नवल वाटले. मला मात्र पुढे वर काय पाहावयास मिळणार याची ती सूचना वाटली. त्या रात्री ज्यांच्या पडवीत मुक्काम केला ते महादेव कोळी समाजातील एक वृद्ध गृहस्थ होते. सारा गाव त्यांना 'बाबा' म्हणतो, म्हणून आम्हीही बाबाच म्हणू लागलो. सकाळी वाट दाखवावयास येण्याचे त्यांनी आपण होऊन कबूल केले.

पहाटे चारला निघालो. शुद्ध पक्षाचे पहिले दिवस असल्याने चंद्र आदल्या रात्रीच मावळलेला. काळोख दाट होता आणि पश्चिमेकडे मृग नक्षत्र कलत चालले होते. ज्या मृगशीर्षावरून महिन्याला नाव मिळाले ते नक्षत्र या दिवसांत रात्रभर आकाशात असते, हे वर्गात अनेकदा सांगितले होते. डोळ्यांनी पडताळून पाहण्याचा योग वयाच्या पासष्टीत आला. बाबांच्या हाती काठी, भाच्याच्या हाती विजेरी, आणि मधे मी. दव इतके की करवंदीच्या जाळ्यांना नुसता स्पर्श होताच बाही ओली होई.

तासाभराच्या चढणीनंतर टोलार खिंड लागली. जुन्नरच्या अंगाकडून अकोल्याच्या अंगाला उतरणारी ही जुनी वाट. खिंडीत वाघाचे शिल्प कोरलेला एक दगड आहे. बाबांनी पायातील वहाणा काढल्या, दगडाला हात लावून तो कपाळी नेला, आणि काही न बोलता पुढे झाले. डोंगरातील कोळी व ठाकर मंडळींचा वाघोबा तो हाच. वाघावर बसलेल्या योग्याची कथा या मुलुखात इतकी घट्ट का रुजली असावी, याचा थोडा उलगडा तेथे झाल्यासारखा वाटला. हा केवळ माझा तर्क आहे. वाचकांनी तो तर्क म्हणूनच घ्यावा.

खिंडीच्या वर कातळाचा उभा टप्पा आहे. आता तेथे लोखंडी कठडे बसविलेले असल्याने माझ्यासारख्यालाही तो चढता आला. पुढे झाडीतून एकामागून एक टेकड्या लागतात, आणि प्रत्येक टेकडी शेवटचीच वाटते. पूर्वेला तांबडे फुटले तेव्हा आम्ही त्यांपैकी तिसऱ्या की चौथ्या टेकडीवर बसलो होतो. बाबा म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरात सांगत्यात, आमचं पूर्वज गडाच्या चौकीला होतं. मग इंग्रजानं चौकी मोडली न् भाकर बी मोडली."

या एका वाक्यात बराच इतिहास आहे. हा किल्ला इ. स. १७४७-४८ मध्ये मराठ्यांनी मोगलांकडून घेतला आणि कृष्णाजी शिंदे यांची किल्लेदार म्हणून नेमणूक झाली, एवढे आपल्या पुस्तकांतून आढळते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रजांनी डोंगरी किल्ले ताब्यात घेऊन त्यांच्या वाटा व तटबंद्या निकामी केल्या, हेही आढळते. परंतु त्या किल्ल्यांच्या राखणीवर ज्यांची पोटे चालत होती त्यांचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गडांची राखण बंद झाली, त्यापाठोपाठ अनेकांचे हक्क व नेमणुका कमी झाल्या, आणि पुढील तीस वर्षे याच अकोल्याच्या डोंगरांत कोळ्यांची बंडे धुमसत राहिली. देवगावचे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली, तो या बंडांतील अखेरच्या पर्वाचा भाग होय. बाबांच्या घरातील आठवण कागदावर कोठे नोंदलेली असेल असे नाही. परंतु कागदावरील इतिहासाशी ती कोठेही विसंगत नाही. गतवर्षी मी दंतकथांवर जो सरसकट शेरा मारला होता, त्याला पहिला तडा येथेच गेला.

आठच्या सुमारास मंदिराचे शिखर दिसले. हे हरिश्चंद्रेश्वराचे देवालय डोंगराच्या एका खोलगट भागात असल्यामुळे अगदी जवळ गेल्याशिवाय त्याची उंची ध्यानात येत नाही. जोत्यापासून कळसापर्यंत सुमारे १६ मीटर. आवाराच्या कडेला खडकातच खोदलेल्या खोल्या आहेत. जवळच पुष्करिणी आहे; तिला सप्ततीर्थ म्हणतात. तिच्या काठच्या कोनाड्यांत पूर्वी विष्णूच्या मूर्ती होत्या. महादेवाच्या तीर्थावर विष्णूची ही रांग पाहून खिरेश्वरच्या शेषशायीची आठवण झाली. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालये बांधविल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटांत येतो. नद्यांच्या उगमापाशी असलेली या भागातील जुनी शिवालये त्या बारांतील असावीत, असे अनेक अभ्यासकांना वाटते, आणि त्यांत या देवळाचेही नाव घेतले जाते. उगम येथे आहेच. देवळापासूनच मंगळगंगा निघते आणि पाचनईच्या बाजूस उतरते.

मंगळगंगेच्या पात्रालगत केदारेश्वराचे लेणे आहे. आत कमरेइतक्या थंडगार पाण्यात भले मोठे शिवलिंग उभे आहे. त्याच्या चार कोपऱ्यांना मूळ खडकातून कोरलेले चार खांब होते. आज त्यांपैकी एकच शाबूत आहे. प्रत्येक युगाच्या अंती एक खांब मोडतो आणि उरलेला चौथा कलियुगाचा, ही कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. पाण्यात सतत भिजून खांबांचे पाय झिजले असावेत, असे मी भाच्याला सांगू लागलो. परंतु पाण्यात पाय घालताच तो इतका कुडकुडला की त्याला खांबांच्या आयुष्याचे काही सुचेना. बाबा हसले. "त्यो मोडला की कळंल समद्यांस्नी," एवढेच म्हणाले.

आता मुख्य विषयाकडे वळतो.

देवळाच्या भिंतीवर जुन्या देवनागरी लिपीतील कोरीव लेख आहेत. काही अक्षरे झिजली आहेत, काहींवर लोकांनी हात फिरवून फिरवून ती गुळगुळीत केली आहेत. तरीही चक्रपाणि आणि वटेश्वर ही नावे तेथे वाचता येतात. चांगदेवाच्या नावाला वटेश्वराचे नाव परंपरेने जोडलेले आहे. 'चांगा वटेश्वर' असेच त्यास म्हणतात. बाबा म्हणाले, "ही देवाची अक्षरं. वाचून दावा." मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. त्यांनी ती दोन नावे स्वतःशी पुन्हा उच्चारली आणि विचारले, "मंजी माणसाचंच नाव हाय हे?" होय, माणसाचेच.

'तत्त्वसार' हा ओवीबद्ध तत्त्वज्ञानपर ग्रंथ. त्याच्या अखेरीस कर्त्याने काळ आणि स्थळ दोन्ही नोंदविली आहेत. काळ असा : शके १२३४, परिधावी संवत्सर, मार्गशीर्षातील तीज, रविवार. स्थळ असे : हरिश्चंद्र नावाचा पर्वत, तेथील मंगळगंगा ही नदी, आणि सप्तस्थान. ज्या डोंगरावर मी उभा होतो तेथे मंगळगंगा पायाशी वाहात होती आणि सप्ततीर्थ पाठीशी होते. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी ग्रंथातील पत्ता इतक्या सहजपणे सापडावा, असे प्रसंग आपल्या वाङ्मयात फार नाहीत.

नोंदीचा काळ विश्वासार्ह आहे काय, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ती कोणाही पंचांग जाणणाऱ्या घरात करून पाहता येईल. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल त्या क्रमांकाचे संवत्सर. १२३४ मध्ये १२ मिळविले की १२४६ होतात. ६० ने भागले असता बाकी ४६ उरते. आणि प्रभवापासून मोजल्यास सेहेचाळिसावे संवत्सर परिधावीच येते. पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकललेल्या पोथीत आकडा चुकण्याचा संभव फार असतो. परंतु आकडा आणि संवत्सराचे नाव परस्परांची साक्ष देत असतील, तर नकलेत चूक झाली असण्याचा संभव बराच कमी होतो. यामुळे लबाडी अशक्य ठरत नाही, हे खरे. पण एका डोंगरावरील ओढ्याचे नाव घालून लबाडी करण्यात कोणाचा काय लाभ होता, हेही सांगता आले पाहिजे.

शके १२३४ म्हणजे इ. स. १३१२ची अखेर. या वर्षाकडे थोडे थांबून पाहावयास हवे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. आणि त्याच वर्षी अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिला घाला घातला. रामदेवराव यादव मांडलिक झाला. त्याच्या मृत्यूनंतर शंकरदेवाने खंडणी नाकारली, मलिक काफूर पुन्हा दक्षिणेत उतरला, आणि १३१२-१३ च्या सुमारास शंकरदेव मारला गेला. पुढे हरपालदेवाने उठाव केला, तोही १३१८ मध्ये क्रूरपणे मोडण्यात आला. यादवांच्या राज्याचा शेवट झाला तो हा. म्हणजे ज्या दिवसांत देवगिरीचे सिंहासन मोडत होते, नेमके त्याच दिवसांत सह्याद्रीच्या या उंच डोंगरावर कोणी एक पुरुष मराठी ओव्या पुऱ्या करीत होता, आणि त्यांच्या खाली दिवस, वार, डोंगर, नदी असे सारे नीट लिहून ठेवीत होता. राजाचे नाव मात्र त्या नोंदीत नाही. ते का नसावे, याचा विचार मी देवळाच्या पायरीवर बसून बराच वेळ केला. कदाचित अशा नोंदीत राजाचे नाव घालण्याचा त्याचा परिपाठच नसेल. कदाचित त्या मार्गशीर्षात कोणाचे नाव घालावे हेच ठाऊक नसेल.

मग चौदाशे वर्षांचे काय? आणि ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठविणारा, ज्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' लिहिली गेली, मुक्ताबाईने ज्यास उपदेश केला असे परंपरा मानते, तो चांगदेव हाच काय? ज्ञानदेवांच्या समाधीनंतर सोळा वर्षांनी हा ग्रंथ पुरा झाला. तेव्हा काळाच्या हिशेबाने दोघे एकच असावयास काही अडचण नाही. परंतु चांगदेव हे नाव त्या काळी दुर्मीळ नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. भास्कराचार्यांचा नातू, सिंघण यादवाच्या दरबारातील ज्योतिषी, तोही चांगदेवच. चाळीसगावजवळ पाटण येथे त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, आणि त्याचा १२०७चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गेल्याच्या गेल्या शतकात उजेडात आणला. एकाच नावाचे अनेक पुरुष, किंवा एकाच गादीवर त्याच नावाने बसलेले अनेक शिष्य, लोकांच्या आठवणीत एकत्र झाले की एका माणसाचे आयुष्य शतकाशतकांनी लांबते. चौदाशे वर्षांची कथा अशी जन्मली असावी, असे मला वाटते. पुणतांब्यास गोदावरीकाठी चांगदेवाची समाधी आहे. तिचा शक मात्र सर्वत्र एकसारखा सांगितला जात नाही. तेव्हा त्या वादात येथे शिरत नाही. वाघावर बसलेला चांगदेव इतिहासाच्या बाहेर राहिला तरी चालेल. मार्गशीर्षातील रविवारी या डोंगरावर लेखणी खाली ठेवणारा चांगदेव मात्र इतिहासाच्या आतला आहे. मी दोघांनाही एका फटकाऱ्यात बाहेर काढले होते.

देवळापासून कोकणकड्यावर गेलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. कड्याचे वर्णन करण्याच्या भानगडीत पडत नाही. डोंगर नागाच्या फणीसारखा आत वळून कोकणावर लोंबतो, एवढे म्हटले की पुरे. त्याविषयी एक दुरुस्ती मात्र येथेच करून टाकतो, कारण चुका दुरुस्त करण्यासाठीच हा लेख आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या कड्यावरून १८३५ मध्ये वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिले, असे आपल्याकडील बहुतेक पुस्तकांत छापलेले असते. वस्तुतः साइक्स १८३१ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत दख्खनच्या हवामानाविषयीचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला ते साल १८३५. प्रसिद्धीचे साल पाहिल्याचे साल होऊन बसले, आणि पुढचे लेखक एकमेकांवरून ते उतरवीत गेले. कडा पश्चिमाभिमुख आहे. सूर्य पाठीशी आणि दरीत धुके असेल तरच ते वर्तुळ दिसते, म्हणून त्यास सकाळच लागते. आमच्या सकाळी धुके होते, पण ते फार खाली होते. भाचा अर्धा तास ओणवा पडून वाट पाहात राहिला. काही दिसले नाही.

१९८६ पासून हा सारा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. सुट्टीच्या दिवशी वर शेकडो माणसे येतात. त्या रविवारीही बरीच आली होती. तरुण मुले केदारेश्वराच्या पाण्यात उतरून छायाचित्रे काढीत होती, आणि देवळाच्या भिंतीपाशी कोणी आपले नाव कोळशाने लिहून गेले होते, चक्रपाणि-वटेश्वरापासून दोन हातांवर. बाबांनी मंगळगंगेचे पाणी ओंजळीत आणून ते पुसून काढले. त्यांना दोन खेपा कराव्या लागल्या.

उतरताना गुडघ्यांनी फार सतावले. सायंकाळी पाच वाजता आम्ही खिरेश्वरला पोचलो. घरी आल्यावर सर्वप्रथम त्या भगिनींना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले : स्मरणिकेतही छापा. म्हणून हा लेख. ज्या ज्ञातिबांधवांनी गतवर्षीचा अंक जपून ठेवला असेल त्यांनी माझ्या टिपणातील, "चांगदेव ही व्यक्ती इतिहासाची नसून केवळ दंतकथेची आहे," हे वाक्य खोडावे आणि समासात 'शके १२३४' एवढे लिहून ठेवावे, ही विनंती.